धुळपाटीपासून पुढे

दापोड्याला येणाऱ्या पाहुण्याला गाव दिसण्याआधी गुदामे दिसतात. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या बाजूला आले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या लांबच लांब छपरांची रांग सुरू होते. येथे एके काळी भातखाचरे होती. मुंबईची जकात चुकवून माल ठेवायला सोयीची जागा म्हणून व्यापाऱ्यांची नजर या पट्ट्याकडे वळली. २०१७ साली जकात गेली, पण गुदामे राहिली, वाढली. आज मुंबईच्या घराघरांत जे खोके पोचते ते पुष्कळदा आमच्या परिसरातून गेलेले असते. त्या खोक्यांत संगणक असतात, टॅब्लेट असतात, मुलांच्या अभ्यासाची चकचकीत यंत्रे असतात. आमच्या भागातल्या मुलांचे बाप ती उचलतात, रचतात आणि गाडीत चढवतात. ती यंत्रे आमच्या गल्लीत मात्र क्वचितच उतरतात.

शाळांत यंत्रे आली पाहिजेत, मुले उद्याच्या जगाला तयार झाली पाहिजेत, असे आता सगळेच म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण ते नवे आहे असा जो समज असतो तो मात्र खोटा आहे. आपल्या मराठी शाळेत साधन बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. मागे काय काय घडले ते एकदा नीट पाहिले, तर पुढच्या गोष्टीचा थोडा अंदाज येईल असे मला वाटते.

आरंभ धुळीपासून करावा लागतो. आजही कोणी शिकू लागला की आपण म्हणतो, त्याने धुळाक्षरे गिरवली. हा नुसता अलंकार नाही. पंतोजीच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरत आणि मूल बोटाने वा काडीने तीत अक्षर काढी. फळी हलवली की अक्षर पुसले. चुकले तर पुन्हा काढावे. कागद वाया जात नाही, शाई सांडत नाही, गरिबालाही परवडते. हात बसला म्हणजे मग बोरू, शाई आणि मोडीचे कित्ते. पंतोजीच्या छडीच्या आणि पाठांतराच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. त्याच्या फळीचा गुण सांगायचा विसरतो. चूक करायला भीती वाटू नये असे साधन त्याने मुलाच्या हाती दिले होते.

या धुळीने विलायतेपर्यंत प्रवास केला आहे. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासेजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. एकदा त्याने एका 'मलबारी' शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. (त्या काळचे इंग्रज तमिळ लोकांनाही मलबारीच म्हणत.) त्याला ती युक्ती पटली. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांना ती पटेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलालाच खालच्या वर्गाला शिकवायला बसविले. मोठ्या मुलाने लहानांना शिकवावे ही आपल्या गावठी शाळांतही चालत असलेली रीत होती. परत गेल्यावर १७९७ साली बेलने या प्रयोगाची हकीकत लंडनात छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर याने तेथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिच्यातही वाळूची मेजे आली, शिकविणारी मुले आली. यंत्रयुगात शिरलेल्या इंग्लंडातील गोरगरिबांची मुले अशा रीतीने आपल्या धुळाक्षरांवर शिकू लागली.

गंमत पुढेच आहे. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. देशी भाषांतून शाळा आणि पुस्तके काढण्यासाठी मुंबईत जी मंडळी पुढे आली, त्यांनी नमुना म्हणून लँकेस्टरची पद्धत घेतली. जी रीत आपल्या ओसरीवरून निघाली होती ती 'सुधारलेली पद्धत' म्हणून आपल्याच दारी आली! एल्फिन्स्टनने १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले, त्यात देशी शाळांतील शिकविण्याची रीत सुधारणे आणि त्यांना पुस्तके पुरविणे या गोष्टी अगदी आरंभी आहेत. पुस्तके म्हणजे छापील पुस्तके. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. शिळाछापामुळे हस्ताक्षरासारखीच दिसणारी पाने हव्या तितक्या प्रती निघू लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ साली आले.

छापील पुस्तक हे त्या काळचे मोठे यंत्रच होते. ते विटाळाचे आहे, शाईत चरबी असते, अशी कुजबुज होती. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी पंचांग छापले, तेव्हा शाईत तूप घातल्याची ग्वाही द्यावी लागली असे सांगतात. तथापि खरा बदल सोवळ्याओवळ्याचा नव्हता. पंतोजीची विद्या पंतोजीच्या तोंडात होती; तो गेला की ती गेली. छापील पुस्तक मुलाच्या घरी जाऊ लागले. जे गुरुजींना ठाऊक नाही तेही मुलाला वाचता येऊ लागले. शिक्षकाला हे थोडे बोचले असणार. मी शिक्षक आहे, म्हणून सांगू शकतो.

पुढे दगडी पाटी आली, भिंतीवर काळा फळा आला. फळा सर्वांना दिसतो, म्हणून तो सर्वांचा, असे आपण धरून चालतो. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळकरी दिवसांतील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना एकदा गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले. तेव्हा वर्गातली मुले धावली ती फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला काढण्यासाठी. शाळा सरकारी, फळा नवा, गणित सर्वांना सारखे. हात कोणाचा लागतो एवढाच प्रश्न होता. साधन वर्गात येणे ही एक गोष्ट आणि ते प्रत्येक मुलाच्या हाती पोचणे ही अगदी वेगळी गोष्ट. शाळांच्या इतिहासात या दोहोंमधले अंतर कधी कधी शंभर वर्षांचे निघाले आहे.

हे अंतर ज्यांनी ओळखले त्यांत मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना फार वर मानतो. त्यांचे काम आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले, आताच्या पालघरमधले. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीबाईंची पद्धत ताराबाईंनी मनापासून स्वीकारली होती. पण त्या पद्धतीची साधने महाग. वारल्यांच्या पाड्यावर ती कोठून यावीत? तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, बांबू, माती यांचीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी झाला आहे, त्याचे मूळ येथे आहे. स्वस्त साधन म्हणजे हलके साधन असे या दोघींनी मानले नाही.

त्यानंतरची यंत्रे भराभर आली. रेडिओवर शालेय कार्यक्रम झाले. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज माझ्या वयाची आहे. ती संस्था २०१७ साली बंद झाली. १९८४-८५ मध्येच केंद्र सरकारने काही निवडक शाळांना विलायती बनावटीचे बी.बी.सी. मायक्रो संगणक दिले. प्रत्येक वेळी भाषणे तीच होती, आशा तीच होती. आणि बऱ्याच ठिकाणी यंत्राची शेवटची जागाही तीच होती, कुलूपबंद खोली.

या कुलुपाविषयी मी जरा अधिकाराने बोलू शकतो, कारण एका शाळेत त्याची किल्ली माझ्या खिशात होती. सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेला तीन संगणक मिळाले. मी तरुण, म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. जडवस्तू संग्रहाच्या वहीत नोंद झाली आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली. काही मोडले, हरवले, तर भरपाई माझ्या पगारातून होईल हीच धास्ती. मी प्लास्टिकची कव्हरे घातली. आठवड्यातून एकदा मुलांना ओळीने उभे करून यंत्र दाखवी. मी बटणे दाबी, मुले पाही. सातवीतली एक मुलगी दर वेळी विचारी, "गुरुजी, एकदा मी दाबू?" मी म्हणे, "पुढच्या वेळी." वर्ष संपले, ती शाळा सोडून गेली. पुढची वेळ आलीच नाही. पुढे पावसात छप्पर गळले आणि संगणक कव्हरांसकट निकामी झाले. वहीत मात्र ते कितीतरी वर्षे धडधाकट होते.

ती मुलगी मला मागल्या वर्षी भेटली. येथल्याच एका गुदामात कामाला आहे. तिच्या हातात पिस्तुलासारखे यंत्र होते. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर ते धरायचे, टुक असा आवाज झाला की पुढचे खोके. तासाला किती झाली ते यंत्रच मोजते. मला ओळखून ती हसली आणि म्हणाली, "गुरुजी, आता दिवसभर दाबते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला लागले. उद्याचे जग शाळेची वाट पाहत थांबले नाही. ते तिच्यापर्यंत पोचले, पण यंत्राने तिला कामाला लावावे अशा रूपाने पोचले. तिने यंत्राला कामाला लावावे अशा रूपाने नव्हे.

मग मुलाच्या हाती यंत्र दिले की झाले का? तेही इतके सोपे नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २२ मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक देण्यात आला. निकोलस निग्रोपाँटी या अमेरिकन प्राध्यापकाची ही 'प्रत्येक मुलाला एक संगणक' योजना. भारतातला तिचा पहिला प्रयोग या धनगरवाड्यात झाला. आदल्याच वर्षी दिल्लीच्या शिक्षण खात्याने योजना नाकारली होती. आम्हांला आधी वर्ग आणि शिक्षक हवेत असे तिचे म्हणणे होते. पेरू देशाने मात्र असे आठ लाखांहून अधिक संगणक घेतले. तेथल्या ३१९ शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत मुलांचे गणित आणि भाषा सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र हाती आले होते, पण त्याचे काय करावे हे शिक्षकाला कोणी धड सांगितले नव्हते.

याउलट जेथे शिक्षकाने स्वतः साधन घडवले, तेथे चित्र निराळे दिसते. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून आलेला हा माणूस मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम हाताने करायला लावून त्यातून विज्ञान शिकवी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर कोड घातले. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती हे ओळखून धडे त्या भाषेत आणले. ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत शिरली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. तेच वर्ष महामारीचे. मार्चमध्ये शाळा मिटल्या आणि ज्या घरात फोन एकच होता, तोही बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाची शाळा संध्याकाळी बाप परतल्यावर भरू लागली. अशी घरे आमच्या भागात थोडी नव्हती.

एवढा इतिहास सांगून मला यंत्राविरुद्ध काही म्हणायचे नाही. गुदामांच्या या गावात तसे म्हणणे हास्यास्पद होईल; येथल्या मुलांना यंत्र कळले नाही, तर ती जन्मभर खोकीच मोजतील. संगणक यावेत, टॅब्लेट यावेत, आणि आता स्वतः उत्तरे देणारी जी नवी यंत्रे निघाली आहेत तीही यावीत. मात्र त्या धुळपाटीला विचारून यावीत. तिच्यावर चूक करता येत होती. ती मुलाच्या मांडीवर होती, पंतोजीच्या कपाटात नव्हती. आणि ती गरिबाच्या मुलालाही मिळत होती. निदान ज्याला शाळेत शिरू दिले जाई त्याला तरी. ज्याला शिरूच दिले जात नव्हते, त्याचा हिशेब अजून पुरता फिटलेला नाही.

यंदा शाळेत पुन्हा काही यंत्रे यायची आहेत अशी बोलवा आहे. या वेळीही वहीत नोंद माझ्याच नावाने होणार, असे दिसते. मी मुख्याध्यापकांना सांगून ठेवले आहे: मोडले तर मोडले म्हणून लिहीन, पण किल्ली वर्गातल्या मुलांजवळ राहील. ते म्हणाले, "आणि लेखापरीक्षणाला कोण तोंड देणार?" प्रश्न रास्त आहे. त्याला मी उत्तर दिले नाही, पण ते दिले पाहिजे हे मला ठाऊक आहे. कारण त्या मुलीची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत येते आहे.