पास-तू-ग्रँ : तळटीप

* पास-तू-ग्रँ : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली तांबडी मिश्र वाइन. मूळ मजकुरात तिला नुसतेच 'साधी दारू' म्हटले आहे. ते अन्यायाचे वाटते, म्हणून ही टीप. पिनो नुआर आणि गामे या दोन जातींची द्राक्षे एकाच टाकीत एकत्र आंबवण्याची इथली जुनी रीत. पिनो किमान 30 टक्के आणि गामे किमान 15 टक्के हवी, असा नियम आहे. नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते 1937 साली. गामेवर मात्र या प्रांताचा रोष जुना : 1395 मध्ये ड्यूक फिलिप द बोल्डने तिचे वेल उपटून टाकण्याचे फर्मान काढले होते. तरी ती टिकली, आणि मानाच्या पिनोशेजारी याच वाइनमध्ये नांदली. बर्गंडीच्या थंड हवेत द्राक्षे सावकाश पिकतात, साखर बेताची भरते, आंबटपणा शाबूत राहतो. त्यामुळे ही वाइन अंगाने हलकी आणि चवीला तरतरीत. (नाशिकच्या उन्हात अडचण नेमकी उलटी : साखर चढते तसा आंबटपणा झपाट्याने उतरतो.) बर्गंडीतले छोटे बागायतदार ही वाइन हौसेने करतात, आणि ताजेपणीच, जेवणाबरोबर, पितात. प्रस्तुत प्रसंगात शेतकऱ्याने पाहुण्यापुढे हीच बाटली ठेवणे हा खरा आपलेपणा आहे. — संपादक