शाम्पू, डोळे आणि एक पांढरा ससा

मागच्या आठवड्यात अंघोळ करताना माझ्या डोळ्यात शाम्पू गेला. दोन मिनिटं आग झाली, पाणी मारलं, विषय संपला. पण मनात आलं, हे डोळ्यात गेल्यावर काय होतं, ते आधी कुणाच्या डोळ्यात घालून बघितलं असेल? शोधत शोधत पोहोचलो एका सशापाशी.

त्याचं नाव न्यूझीलंड व्हाइट. नावातच बग आहे, कारण ही जात अमेरिकेतली. १९१७च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम प्रेशॉ यांच्याकडे लाल सशांच्या पिल्लांत पांढरी पिल्लं निघाली, त्यांच्यापासून ही जात वाढवली गेली. अंगात रंगद्रव्य नाही, म्हणून डोळे गुलाबी. वजन चार-पाच किलो. वाढ झपाट्याने, म्हणून मांसासाठी चांगला. पांढरी फर हव्या त्या रंगात रंगवता येते, म्हणून व्यापाऱ्यांचाही लाडका.

आणि स्वभाव? एकदम गरीब. तिथेच घात झाला.

१९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली: पदार्थ सशाच्या डोळ्यात घालायचा आणि कित्येक दिवस लाली, सूज, जखम मोजायची. ससा पापण्या क्वचितच मिटतो, डोळ्यातून पाणीही कमी येतं. म्हणजे माझ्यासारखं धुऊन टाकायची सोयच नाही. पंजाने डोळा चोळू नये म्हणून मान अडकवून ठेवत.

१९८० साली हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये रेव्हलॉन कंपनीविरुद्ध पानभर जाहिरात दिली. त्याच वर्षी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावरही अशी तपासणी होते. भारताने २०१४मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या, आणि अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांची आयातही.

पण ही बंदी प्रसाधनांपुरती. औषधांच्या चाचण्यांत ससे अजून आहेत, आणि त्या औषधांवर आपलेच आईवडील बरे होतात. त्यामुळे 'सगळं लगेच बंद करा' असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एवढंच म्हणतो, जिथे पर्याय तयार आहे, तिथे ससा कशाला?

मी रोज कोड टेस्ट करतो. क्रॅश झाला तर रीस्टार्ट. सशाच्या डोळ्याला ते बटण नसतं.

भेटू पुढच्या भागात!