रायपूर : भाताच्या पेंढ्यावर घरच्या घरी अळिंबी

छत्तीसगडची ओळख 'धान का कटोरा' अशी करून दिली जाते. खरिपाच्या भाताची कापणी आटोपली की रायपूरच्या आसपासच्या गावांत पेंढ्याचे ढीग उभे राहतात. येथील बोलीत या पेंढ्याला 'पैरा' म्हणतात, तर शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे तो 'तणस' या नावाने ओळखला जातो. त्यातील काही भाग जनावरांच्या वैरणीला लागतो. यंत्राने कापणी झालेल्या शिवारात मात्र बराचसा पेंढा जाळून टाकला जातो. हाच पेंढा घराच्या एका सावलीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवला, तर तीन ते चार आठवड्यांत त्यावर खाण्यायोग्य अळिंबी मिळू शकते. त्यासाठी जमीन लागत नाही, मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. लागते ती स्वच्छता, आणि ऋतू पाहून वाण निवडण्याची समज.

अळिंबी हा पदार्थ छत्तीसगडच्या लोकांना नवा नाही. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या अळिंबीला तेथे 'फुटू' म्हणतात. वारुळावर येणारा 'भिंभोरा फुटू' आणि जुन्या पेंढ्याच्या ढिगावर आपोआप उगवणारा 'पैरा फुटू' हे त्यातील परिचित प्रकार. बस्तरच्या सालवनात जमिनीखालून उकरून काढला जाणारा 'बोडा' तर पहिल्या पावसानंतर बाजारात येताच चढ्या भावाने विकला जातो. वारुळावरील अळिंबी वाळवीच्या सहवासातच वाढते, त्यामुळे ती घरी पिकविता येत नाही. बोड्याचे नाते साल वृक्षाच्या मुळांशी असते. पैरा फुटू मात्र लागवडीखाली आलेला आहे.

रानातील अळिंबीची हौस काही वेळा जिवावर बेतते. विषारी आणि खाद्य प्रकार दिसायला इतके सारखे असतात की अनुभवी माणूसही फसतो. चांदीचे नाणे काळे पडते काय, लसणाचा रंग बदलतो काय, अशा घरगुती परीक्षांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. सर्वांत घातक विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे सहसा सहा तासांनंतर, कित्येकदा त्याहून उशिरा दिसतात आणि तोपर्यंत यकृताला इजा होऊ लागलेली असते. खात्रीच्या बियाण्यापासून घरी पिकविलेल्या अळिंबीत हा धोका राहत नाही. घरगुती लागवडीच्या बाजूने देण्याजोगे हे सर्वांत सबळ कारण आहे, उत्पन्नाचा विचार त्यानंतर.

रायपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय हे अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र आहे. या प्रकल्पाचे मुख्यालय हिमाचल प्रदेशातील सोलन येथे असून महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्याचे केंद्र आहे. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढविण्याचे तंत्र मात्र या केंद्रांपेक्षा जुने आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच त्याची पद्धत प्रसिद्ध केली होती.

रायपूरच्या हवामानात वर्षभर एकच अळिंबी घेण्याचा हट्ट धरणे व्यर्थ आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात. धिंगरीला २० ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. पैरा फुटूला ३० ते ३५ अंशांची ऊब आणि दमट हवा लागते, म्हणजे उन्हाळ्याची अखेर आणि पावसाळा. साधारण त्याच उष्णतेत दुधी अळिंबीही येते. बंगालमध्ये आढळलेल्या या प्रकाराची शास्त्रीय नोंद १९७४ मध्ये झाली. शहरी बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या बटण अळिंबीला मात्र खास कुजविलेले खत आणि काढणीच्या काळात १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो. वातानुकूलनाशिवाय ती रायपूरच्या घरात घेण्याचा प्रयत्न सहसा निराशाच पदरी घालतो.

नवशिक्याने धिंगरीपासून आरंभ करावा. पेंढा त्याच हंगामातील, पिवळसर, पावसात न भिजलेला असावा. काळा पडलेला किंवा बुरसटलेला घेऊ नये. त्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून ते गोणपाटाच्या पोत्यात भरावेत आणि रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी पोते निथळून सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात एक तास ठेवावे. तापमापक नसल्यास पाणी उकळी फुटण्याच्या थोडे आधीच्या अवस्थेत राखावे. रसायनांनी निर्जंतुकीकरण करण्याची पद्धतही प्रचलित आहे, परंतु घरात लहान मुले असताना फॉर्मॅलिन हाताळण्यापेक्षा गरम पाणी केव्हाही बरे. त्यानंतर पेंढा स्वच्छ जाळीवर सावलीत पसरून पूर्ण थंड होऊ द्यावा. मूठभर पेंढा दाबला असता पाण्याचा थेंब पडू नये, तळहात मात्र ओलसर व्हावा, ही योग्य ओलाव्याची खूण होय. बहुतेक पिशव्या बिघडतात त्या याच टप्प्यावर. ओल अधिक राहिली की पेंढा आंबतो, आणि गरम पेंढ्यात बियाणे घातले तर ते मरते.

अळिंबीचे बियाणे, म्हणजे स्पॉन, गहू किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर प्रयोगशाळेत तयार केले जाते. दाण्यांवर पांढरी शुभ्र बुरशी असावी. हिरवे-काळे ठिपके किंवा आंबूस वास असलेले पाकीट घेऊ नये. एक किलो कोरडा पेंढा भिजल्यावर सुमारे तीन किलो होतो आणि ओल्या वजनाच्या दोन ते तीन टक्के, म्हणजे ६० ते ९० ग्रॅम बियाणे त्याला पुरते. हात साबणाने धुऊन, ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर कडेने बियाणे, पुन्हा पेंढा, असे चार-पाच थर दाबून भरावेत. तोंड बांधून पिशवीला टाचणीने किंवा दाभणाने दहा-पंधरा छिद्रे पाडावीत.

भरलेली पिशवी अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत ठेवावी. पंधरा ते वीस दिवसांत सारा पेंढा पांढऱ्या बुरशीने विणला जाऊन घट्ट होतो. हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी तत्काळ घराबाहेर न्यावी, तिची कीव करू नये. एकीमुळे शेजारच्या सर्व पिशव्या बिघडतात. पेंढा पांढरा झाला की प्लॅस्टिक कापून काढावे आणि तो गठ्ठा सुतळीने टांगावा किंवा मांडणीवर ठेवावा. आता मंद उजेड, खेळती हवा आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. दिवसातून दोन-तीन वेळा हलका फवारा मारावा, भिंतींना ओले गोणपाट लावावे, खिडकीला बारीक जाळी बसवावी. हवा कोंडली तर देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात.

टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसल्यानंतर तीन-चार दिवसांत अळिंबी काढणीला येते. छत्रीची कड वर वळण्यापूर्वी देठ हलकेच पिरगळून ती काढावी. पूर्ण उमललेली धिंगरी असंख्य सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते. त्यामुळे खोकला, शिंका आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. घरात दम्याचा रुग्ण असल्यास निजण्याच्या खोलीत पिशव्या ठेवू नयेत, आणि काढणी करताना नाकातोंडावर कापड बांधावे. आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दुसरा व तिसरा बहर मिळतो. नीट जमल्यास एक किलो कोरड्या पेंढ्यामागे अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी हाती येते.

पैरा फुटूची रीत निराळी आहे. त्यात पेंढ्याच्या पेंड्या बांधून भिजवतात, त्यांचे आडवे-उभे थर रचतात, कडेने बियाणे आणि थोडे हरभऱ्याचे पीठ भुरभुरतात व सारे प्लॅस्टिकने झाकतात. पीक तीन आठवड्यांत आटोपते, परंतु उत्पादन धिंगरीहून बरेच कमी येते. अंड्याच्या आकाराची, न उमललेली अळिंबी काढावी लागते आणि ती त्याच दिवशी खावी लागते. फ्रिजच्या थंडीत तर ती पाणी सुटून अधिकच लवकर बिघडते. दुधी अळिंबीच्या पिशवीवर निर्जंतुक केलेल्या शेणखत-मातीचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा लागतो. तेवढे श्रम घेतल्यास ती काढणीनंतर धिंगरीपेक्षा जास्त दिवस टिकते.

विक्रीचा विचार करणाऱ्या बचत गटांपुढे खरी अडचण येते ती येथेच. ताजी धिंगरी साध्या तापमानात जेमतेम एक-दोन दिवस राहते. गिऱ्हाईक ठरण्यापूर्वी पन्नास पिशव्या भरणाऱ्यांचा माल वाया जातो. पहिल्या हिवाळ्यात दोन-चार पिशव्याच भराव्यात, त्याही पंधरवड्याच्या अंतराने, म्हणजे घरची भाजी सलग मिळते आणि चूक उमगण्यास वेळ राहतो. उरलेली धिंगरी चिरून उन्हात वाळवावी. दहा किलोची सुमारे एक किलो होते, हवाबंद डब्यात काही महिने टिकते आणि उन्हामुळे तिच्यातील 'ड' जीवनसत्त्वही वाढते. बहर संपलेला पेंढा गांडूळ खताच्या खड्ड्यात टाकता येतो.