खिडकी आणि घर : हॉस्पिस चळवळीतील आध्यात्मिक शुश्रूषा व शोकसाहाय्य यांचा उगम

१९४८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा हा चाळिशीतला पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरण पावला. आपल्या आयुष्याची जगात काहीच खूण उरणार नाही, हा त्याचा सल शारीरिक वेदनेहून तीव्र होता. त्याला नियमित भेटणाऱ्या वैद्यकीय समाजसेविका सिसिली साँडर्स (१९१८-२००५) यांच्यासाठी त्याने ५०० पौंड मागे ठेवले. मरणोन्मुखांसाठी त्या जे घर उभारतील, त्यातली एक खिडकी आपण व्हावे, अशी त्याची इच्छा होती.

हा प्रसंग हॉस्पिसविषयक लेखनात वारंवार येतो. त्यातील एका तपशिलाचा अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. टास्माने एकदा साँडर्स यांच्याकडे मनाला दिलासा देणारे काही मागितले. त्या वाचून दाखवू लागताच त्याने नकार दिला. जे त्यांच्या स्वतःच्या मनात व हृदयात आहे तेवढेच त्याला हवे होते. साँडर्स निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, तर तो श्रद्धा दुरावलेला ज्यू. त्यांनी पाठ असलेले एक स्तोत्र म्हटले. ही स्तोत्रे ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही परंपरांची आहेत. आध्यात्मिक शुश्रूषा म्हणजे धर्मोपदेश नव्हे, हा हॉस्पिसचा पुढील दंडक प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच बीजरूपाने दिसतो.

मराठीतील 'अध्यात्म' हा शब्द येथे थोडी दिशाभूल करतो. आत्मज्ञान वा मोक्षचिंतन येथे अभिप्रेत नाही. 'हे माझ्याच वाट्याला का?', अपराधाची बोच, राहून गेलेला समेट, आपल्या असण्याचा अर्थ काय, असे प्रश्न त्यात येतात आणि ते नास्तिकालाही पडतात.

साँडर्स १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९५८ पासून पूर्व लंडनमधील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करू लागल्या. ही संस्था कॅथलिक भगिनी चालवीत. तेथे साँडर्स यांनी वेदना उसळण्यापूर्वीच ठरावीक वेळी मॉर्फिन देण्याची पद्धत रूढ केली व रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. एका स्त्रीला त्यांनी वेदनेविषयी विचारले. ती पाठीच्या दुखण्यापासून बोलू लागली. मग कामावरील नवरा व मुलगा, बुडणारी मजुरी आणि आपल्याला कोणी समजून घेत नाही ही भावना, असे सारे त्याच उत्तरात आले. 'समग्र वेदना' ही १९६४ च्या सुमारास त्यांनी मांडलेली संकल्पना अशा उत्तरांतून घडली. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असे तिचे चार घटक पाठ्यपुस्तके सांगतात. त्या स्त्रीच्या बोलण्यात मात्र ते वेगळे काढता येत नाहीत.

नव्या घराचे स्वरूप ठरवताना खरा पेच निर्माण झाला. ते अँग्लिकन धर्मसमुदायाचे असावे की सर्वांना खुले? दीर्घ विचारविनिमयानंतर दुसरा पर्याय स्वीकारला गेला. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. तेथे प्रार्थनामंदिर होते, परंतु श्रद्धेची अट नव्हती. प्रवेशाजवळ टास्माच्या स्मरणार्थ एक साधी काचेची खिडकी आहे.

शोकसाहाय्य याच भूमिकेतून आले. रुग्ण व त्याचे कुटुंब हे शुश्रूषेचे एकच एकक मानल्यावर मृत्यूनंतर जबाबदारी संपत नाही. मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी तेथे परिचारिकांच्या नोंदींवरून अधिक धोक्यातील आप्त ओळखण्याची आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांनी त्यांच्या घरी जाण्याची पद्धत घडवली. १९८१ च्या त्यांच्या मूल्यमापनात या सेवेचा लाभ स्वयंसेवकांना अनुभव आल्यानंतर दिसू लागला. सदिच्छा पुरेशी ठरली नव्हती. याउलट, एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मुख्यतः मरणोन्मुख रुग्णांविषयी मांडलेले पाच टप्पे आपल्याकडे शोकाचे वेळापत्रक म्हणून शिकवले जातात, ही खेदाची बाब होय.

जागतिक आरोग्य संघटनेने उपशामक उपचारांच्या १९९० च्या व्याख्येत आध्यात्मिक समस्यांचा, तर २००२ च्या व्याख्येत आप्तांच्या वियोगकाळातील आधाराचाही स्पष्ट उल्लेख केला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. तेथेही ख्रिस्ती भगिनी सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची शुश्रूषा करीत आल्या आहेत. टास्माने साँडर्स यांच्यापुढे ठेवलेली अट त्यांच्यापुढेही असते, आणि त्यांना तर समान स्तोत्राचा आधारही नसतो.

कुटुंबाचा प्रश्न येथे निराळा आहे. आपल्याकडे दहावे-तेरावे होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. पार्क्स यांच्या स्वयंसेवकांना ज्या दारांशी जावे लागे, तशी दारे आपल्याकडे चौदाव्या दिवसापासून दिसू लागतात.