स्टुडिबेकर: गाड्यांचा इतिहास आणि पेन्शनचा हिशोब

पेन्शनवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीच्या टेबलासमोर जुन्या मोटारींचे फोटो का लावलेत, असं भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचं गाव आहे. 1852 साली हेन्री आणि क्लेमंट स्टुडिबेकर या भावांनी तिथे लोहारकामाचं दुकान टाकलं. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला आणि खाणीत उतरण्याऐवजी खाणवाल्यांना हातगाड्या बनवून विकू लागला. (घरातलं खरं व्यापारी डोकं हेच, असं माझं मत.) तो 8 हजार डॉलर गाठीला बांधून परतला, ते पैसे धंद्यात घातले, आणि यादवी युद्धात सैन्याला घोडागाड्या पुरवून कंपनी मोठी झाली.

मोटारी आल्या 1902 मध्ये, आणि त्या चक्क विजेवर चालणाऱ्या होत्या! पेट्रोलची गाडी 1904 ची. घोडागाड्या मात्र 1920 पर्यंत चालूच राहिल्या. मग अल्बर्ट अर्स्किन अध्यक्ष असताना 'प्रेसिडेंट' ही आलिशान गाडी निघाली, आणि स्वतः अर्स्किनच्या नावाची एक छोटी गाडीही, जी फारशी चालली नाही. मंदीतही तो भागधारकांना सढळ हाताने लाभांश वाटत राहिला. 1933 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी अर्स्किनने आत्महत्या केली.

कंपनीला पुन्हा उभं केलं ते 1939 च्या 'चॅम्पियन' ने. हलकी, स्वस्त, कमी पेट्रोल पिणारी. युद्धात साउथ बेंडहून जवळजवळ 2 लाख ट्रक बाहेर पडले, त्यातले बहुतेक सोव्हिएत संघाला गेले. युद्धानंतर मोठ्या कंपन्या जुन्याच गाड्या थोडा फेरफार करून विकत असताना स्टुडिबेकरने 1947 चं मॉडेल पूर्ण नवं आणलं. त्यातल्या एका कूपेची मागची काच इतकी गोलाकार फिरलेली होती की गाडी येतेय की जातेय तेच कळत नाही, असा विनोद लोक करायचे. 1950 मध्ये पुढच्या बाजूला विमानाच्या नाकासारखं टोक आलं. त्या वर्षी 3 लाखांहून जास्त गाड्या खपल्या.

आता माझा विषय येतो. याच 1950 मध्ये कंपनीने युनियनशी पेन्शनचा करार केला. आपल्याकडे पीएफ म्हटलं की प्रत्येकाच्या नावाचं खातं डोळ्यांसमोर येतं. हे तसं नव्हतं. इथे निवृत्तीनंतर दरमहा ठरावीक रक्कम देण्याचं वचन होतं, आणि ते पाळण्यासाठी सगळ्यांचा मिळून एक निधी. त्यात आधीच्या नोकरीची वर्षंही धरली होती. म्हणजे 1925 साली लागलेल्या कामगाराच्या पंचवीस वर्षांचा हक्क एका रात्रीत तयार झाला, पण त्यासाठी निधीत एक डॉलरसुद्धा जमा नव्हता. ती तूट 30 वर्षांच्या हप्त्यांनी भरायची ठरली. पुढे वाटाघाटींत पेन्शन वाढत गेली, ती मागच्या वर्षांनाही लागू झाली, आणि प्रत्येक वाढीबरोबर नवी तूट तयार झाली. कागदोपत्री यात बेकायदेशीर काही नव्हतं. फक्त हप्ते फिटेपर्यंत कारखाना चालू राहायला हवा होता.

आणि कारखाना चालणार की नाही हे ठरवत होत्या गाड्या. म्हणून ते फोटो.

1953 ची 'स्टारलायनर' माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात देखणी अमेरिकन गाडी. पण कंपनीचा अंदाज पार चुकला. सेडान जास्त बनवल्या, लोकांना हवी होती कूपे. त्यात पुढचे पत्रे नीट जुळेनात, उत्पादन रखडलं. 1954 मध्ये कामगारांनी मतदान करून पगारकपात मान्य केली. त्याच वर्षी पॅकार्डशी एकत्रीकरण झालं, आणि चार वर्षांत पॅकार्ड हे नावच संपलं. 1959 ची 'लार्क' म्हणजे काटकसरीचा उत्तम नमुना: 1953 चाच सांगाडा पुढून-मागून आखूड केला आणि छोटी गाडी म्हणून विकली. ती तुफान चालली, नफाही झाला. पण 1960 मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर तिघांनीही छोट्या गाड्या आणल्या. शेवटचा डाव होता 'अवांती', फायबरग्लासची, आजही नवी वाटेल अशी. बाहेरून येणारे भाग जुळेनात, ग्राहक वाट पाहून कंटाळले. एकूण 4,600 च्या आसपास बनल्या.

9 डिसेंबर 1963 ला साउथ बेंडचा कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली. नाताळ दोन आठवड्यांवर होता. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये गाड्या 1966 पर्यंत बनत राहिल्या.

साउथ बेंडची पेन्शन योजना मात्र गुंडाळावी लागली. तिच्यात सुमारे साडेदहा हजार माणसं होती. निवृत्त झालेले आणि साठी ओलांडलेले असे 3,600 जण, त्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. निधीतला बहुतेक पैसा तिथेच संपला. चाळिशी ते साठीच्या मधले सुमारे 4,000 जण होते, त्यांना हक्काच्या 15 टक्के रक्कम एकदाच हातावर ठेवण्यात आली. या गटाचं सरासरी वय 52 आणि सरासरी नोकरी जवळजवळ 23 वर्षं! उरलेल्या तरुणांना काहीच नाही. हा क्रम करारातच लिहिलेला होता. कंपनीची जबाबदारी निधीत जेवढं आहे तेवढ्यापुरतीच, हेही त्यातच होतं. त्यामुळे इतर धंद्यांच्या जोरावर कंपनी शिल्लक होती, तरी तिच्याकडे मागायला कायदेशीर जागा नव्हती.

इंडियानाचे सेनेटर व्हान्स हार्टकी यांनी पेन्शनच्या विम्याचं विधेयक मांडलं. पुढची दहा वर्षं या विषयावरच्या चर्चेत साउथ बेंडचं नाव निघत राहिलं. अखेर 2 सप्टेंबर 1974 ला, अमेरिकेतल्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी पेन्शन कायद्यावर सही केली. निधी बुडाला तर विम्यातून पैसे देणारी सरकारी संस्था त्यातूनच आली. एका गाडीच्या कारखान्याने देशाला कायदा दिला, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. मला ते जरा जास्तच गोड वाटतं. कायद्यासाठी युनियनचे, सेनेटरांचे, विमावाल्यांचे वेगवेगळे हिशोब होते, आणि माझा तिसरा प्रकरणभर वाद त्याच्याशीच आहे.

स्टुडिबेकरच्या त्या चार हजार जणांना मात्र या विम्यातून काही मिळालं नाही. कायदा मागच्या तारखेपासून लागू नव्हता.