दूरनियंत्रित बग्गी : पहिल्या धावेपूर्वीची जुळणी

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत ज्या यांत्रिकीवर मोटारी घडतात, तिचीच लहान आवृत्ती म्हणजे रेडिओ कंट्रोल ऑफ-रोड बग्गी. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये 'रफ रायडर' आणली आणि या छंदाला वेग आला. शर्यतीच्या बग्ग्या प्रामुख्याने मूळ वाहनाच्या एक दशांश किंवा एक अष्टमांश आकाराच्या असतात.

अनेक बग्ग्या सुट्या भागांच्या संचात मिळतात. त्यामुळे यश-अपयश बरेचसे जुळणीवरच ठरते. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये सिलिकॉन तेलासोबत हवेचे बुडबुडे राहिल्यास दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. गिअरचे दाते फार घट्ट बसवल्यास मोटर तापते. सैल राहिल्यास दाते झिजतात. खडबडीत मुरमाच्या मैदानावर चासिसची उंची वाढवावी, सपाट मैदानावर कमी ठेवावी. उन्हाळ्यात तेल पातळ होते, म्हणून अधिक दाट तेल वापरतात.

लिथियम-पॉलिमर बॅटरी पेट घेऊ शकते. ती योग्य चार्जरवर, देखरेखीखालीच चार्ज करावी. फुगलेली वापरू नये. सिग्नल तुटताच मोटर थांबवणारी 'फेलसेफ' व्यवस्था चाके अधांतरी ठेवून तपासावी, अन्यथा सुटलेली बग्गी प्रेक्षकांवर आदळू शकते. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, नंतर बग्गी. बंद करताना याच्या उलट क्रम पाळावा.