धानाच्या नावामागचा माणूस

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे या दलित शेतकऱ्याने निवडून वाढवलेला तांदूळ विदर्भात आणि शेजारच्या राज्यांत घरोघर शिजतो. खाणाऱ्याला मात्र त्यांचे नाव ठाऊक नसते. ज्ञान कोणाचे मानायचे, हा प्रश्न या अज्ञानाच्या मुळाशी आहे.

दादाजींची जमीन दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखून ठेवल्या, पुढच्या हंगामात त्यांचे दाणे बांधीच्या मधोमध पेरले आणि भोवती काट्या लावल्या. धानाच्या फुलात बहुधा त्याच फुलाचे परागण होते. म्हणून वेगळ्या लोंबीचे बी दरवर्षी वेगळे राखून भेसळीची झाडे काढत गेले, तर काही पिढ्यांनी वाण स्थिरावतो. कृषिशास्त्र याला निवड पद्धत म्हणते. दादाजी वर्षानुवर्षे तेच करीत होते. प्रयोग फसला तर संशोधकाचा पगार थांबत नाही. दादाजींचा प्रयोग घरच्या पोटावर चालला होता.

१९९० च्या सुमारास गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने हे बी नेऊन पेरले. पीक तळोधीच्या बाजारात आले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ते 'एचएमटी' झाले. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बी नेले आणि १९९८ साली पंजाबराव कृषी विद्यापीठाचे 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित झाले. मूळ बियाणे भेसळीचे होते, ते आम्ही शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. ते क्षणभर मान्य केले तरी, तीन लोंब्या ओळखणारा डोळा कोणाचा होता, हे नोंदवायला काय अडचण होती? बाजाराने आपले नाव दिले, विद्यापीठाने आपली आद्याक्षरे जोडली. निर्मात्यासाठी जागा उरली नाही.

पुढे दादाजींनी आणखी वाण काढले. त्यांतील एकाला 'डीआरके' ही स्वतःचीच आद्याक्षरे दिली. यात आत्मप्रौढी शोधणाऱ्यांनी आधीचा इतिहास पाहावा. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. सत्कार झाले, पण दारिद्र्य हटले नाही. ३ जून २०१८ रोजी दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्याच्या वाणाला मान्यता देणारा कायदा २००१ साली झाला, म्हणजे विद्यापीठाचा वाण बाहेर पडल्यानंतर तीन वर्षांनी. परंतु कायद्याचा लाभ घ्यायलाही नोंद लागते, आणि लेखणी आजवर श्रमणाऱ्याच्या हाती नव्हती. आपल्यातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले पाहिजे. आपापल्या गावातील बियाणे कोणी राखले, कोणी निवडले, हे विचारून लिहून ठेवावे. ही माणसे हयात आहेत तोवरच ते शक्य आहे.